‘मला कशाला आता नवं?’ म्हणणाऱ्या आईला साडी कशी घ्यावी

गेली वीस-बावीस वर्षं आमच्या घरातल्या चार वयस्क बायकांचे कपडे मीच घेते. आई, सासूबाई, वडगावची आत्ती आणि खानापूरची मावशी. आई आणि आत्ती नऊवारी नेसतात, सासूबाई सहावारी. मावशी अलीकडे घरात गाऊन घालते आणि बाहेर निघताना साडी नेसते. चौघींचं पहिलं वाक्य मात्र एकच, “मला कशाला आता नवं?”

यावर लोक तीन सल्ले देतात. न सांगता आणून द्या, खूश होतील. वय झालं की फिकेच रंग घ्या. मोबाइलवर मागवा, नाही आवडली तर परत करा. तिन्ही मी करून पाहिले आणि तिन्ही चुकीचे आहेत. न सांगता आणलेली साडी ट्रंकेत तळाशी जाते. फिका रंग तिच्या मनातला असतोच असं नाही, पुष्कळदा तो आपणच तिच्यावर लादलेला असतो. आणि फोटोवरून कापड कळत नाही. ज्या बाईने पन्नास वर्षं कापड हाताने पारखलं, तिला फोटो दाखवून “कशी वाटते?” विचारू नये.

आधी तिची ट्रंक बघा

खरेदीची सुरुवात दुकानात होत नाही, तिच्या ट्रंकेपाशी होते. ऊन दाखवायच्या निमित्ताने तिच्याच सोबत ट्रंक उघडा. ओटीत आलेल्या, आहेरात आलेल्या कोऱ्या साड्या मोजत बसू नका. त्या तिने निवडलेल्या नाहीत. काठ झिजलेली, घोट्यापाशी रफू केलेली साडी शोधा. तीच तिची आवड. तिचा रंग, काठाची रुंदी, कापडाचा जाडपणा डोक्यात ठेवा आणि टेपने लांबी व पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, मोजून कागदावर लिहा.

हे मोजमाप टाळू नका. नऊ वार म्हणजे जवळजवळ 8.2 मीटर. इरकल साडी सहा, आठ आणि नऊ वार अशा तिन्ही लांबीत मिळते, आणि गडबडीत आठवारी पदरात पडली तर अंगाने भरलेल्या बाईला कासोटा पुरत नाही. पन्ह्याचंही तसंच. वयाने बाई वाकते, उंचीने कमी होते. पूर्वी बरोबर बसणारा पन्हा आता पायात येतो, आणि म्हातारपणी साडीत पाय अडकून पडणं ही साधी गोष्ट नाही.

‘नको’ कशाचं, ते ओळखा

माझी वर्षानुवर्षं चूक झाली ती इथेच. म्हणून हे सविस्तर सांगते.

2011 च्या दिवाळीत मी आईला साडेचार हजारांची रेशमी साडी आणली. मोतिया रंग, बारीक जरीकाठ. आई “छान आहे गं” म्हणाली, देवापुढे ठेवली, कोपऱ्याला हळदकुंकू लावलं आणि ट्रंकेत ठेवून दिली. दोन वर्षांनी निपाणीला एका लग्नात तीच साडी मी नवऱ्या मुलाच्या काकीच्या अंगावर पाहिली. आईने ती घडीही न मोडता आहेरात दिली होती. मला फार लागलं. घरी येऊन विचारलं तेव्हा आई म्हणाली, “एवढ्या मोलाचं नेसून मी भाकरी कुठं थापू की गं?” तिला साडी आवडली होती. ती नेसून जावं अशी जागा तिच्या दिवसात नव्हती, आणि मी तिचा दिवस न बघता साडी बघितली होती.

तेव्हापासून ‘नको’ ऐकलं की मी गप्प राहते. हे ‘नको’ कशाचं, ते आधी शोधते.

बहुतेक वेळा ते पैशाचं असतं, पण सरळ नव्हे. “त्या पोरीला घे जा की” असं ती सुनेकडे किंवा नातीकडे बोट दाखवून म्हणते. जिने आयुष्यभर सगळ्यांना वाढून मग स्वतःचं ताट घेतलं, ती कपड्यातही आधी स्वतःला कसं वाढून घेईल? इथे वाद घालू नका. सुनेची साडी आधी घ्या, सुनेच्या हातात द्या, तिला ती सासूला दाखवू द्या. मग विषय काढा. आमच्या सासूबाई एरवी कितीही समजावलं तरी हलत नाहीत. पण दोन्ही सुनांच्या पिशव्या घरात आल्या की त्यांचा आवाज आपोआप मऊ होतो.

दुसरं ‘नको’ वयाचं. “आता किती दिवस राहिलेत माझे?” यावर “असं अभद्र बोलू नको” म्हणून तोंड मिटवणं सोपं आहे, आणि त्याने काहीच साधत नाही. ती अभद्र बोलत नसते, हिशेब करत असते. घेतलेलं कापड पुरतं वापरून संपवण्याची तिला सवय आहे. लुगडं विरलं की त्याची वाकळ, म्हणजे गोधडी, वाकळीतून उरलं की बाळाची दुपटी. नवं घेतलं आणि वापरून संपलं नाही तर ते वाया गेलं, हा तिचा धसका. म्हणून उत्तरही हिशेबाचंच द्यावं. मी आत्तीला सांगितलं, “सुती घेऊ. तू दोन वर्षं नेस, मग नातवाच्या वाकळीला वरचा पदर तुझाच.” तिने लगेच विचारलं, “मग काठ कुठला?” म्हणजे ती तयार झाली होती.

तिसरं ‘नको’ लोकांचं, आणि ते सगळ्यात खोल असतं. आत्तीचे यजमान गेले तेव्हा ती बेचाळीस वर्षांची होती. तेव्हापासून चॉकलेटी, राखाडी, फार तर निळसर. हिरवं कधी नाही. एकदा मी तिला बेळगावच्या गणपत गल्लीत साडीच्या दुकानात घेऊन गेले. गादीवर इरकलींचा ढीग होता आणि तिचा हात एका मोरपंखी साडीवर थांबला. काठ दोन बोटांत धरला, उलटून मागची बाजू पाहिली, मग साडी हळूच बाजूला सारली. मी ते पाहिलं आणि दुकानदारासमोर मोठ्याने म्हणाले, “घे की आत्ती, आता कोण काय म्हणतंय!” ती उठली, चपला घातल्या आणि बाहेर जाऊन उभी राहिली. रिक्षात एक शब्द बोलली नाही.

चूक पूर्णपणे माझी होती. जे दुःख ती तीस वर्षं झाकून राहिली, ते मी चार परक्या माणसांपुढे उघडं केलं होतं.

2022 च्या मे महिन्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसणं नाही, बांगड्या फोडणं नाही. गाव आमच्या सीमेला लागूनच, त्यामुळे घरोघरी त्याची चर्चा झाली. आत्तीनेही ऐकलं, “बरं केलं” म्हणाली. पण ठराव ऐकून कोणाचा आरशापुढचा संकोच एका दिवसात जात नाही, आणि ठराव पुढे करून तिला रंग नेसायला लावणं हीसुद्धा जबरदस्तीच. पुढच्या वेळी मी तिला तिच्याच वयाच्या शेजारणीबरोबर पाठवलं आणि स्वतः दुकानाच्या दुसऱ्या टोकाला बसले. दोघी अर्धा तास हळू आवाजात बोलत होत्या. आत्तीने आमसुली अंगाची साडी घेतली, हिरव्या काठाची.

तेव्हा मला जे कळलं ते मी आता सगळ्यांना सांगते. रंगाची बोलणी काठापासून सुरू करा. अंग तिच्या सवयीचं राहू द्या, रंग काठात आणि पदरात येऊ द्या. काठ अंगवळणी पडला की पुढच्या वर्षी अंगाचा रंग ती स्वतः बदलते. आत्तीला त्याला तीन वर्षं लागली. गेल्या वर्षी तिने डाळिंबी घेतली, आणि मी काहीही बोलले नाही.

शेवटचं ‘नको’ शरीराचं, आणि ते कधीच बोलून दाखवलं जात नाही. खांदा वर जात नाही, बोटांनी हूक लागत नाही, रात्री उठल्यावर नऊवारी सावरत नाही. हे ती सुनेला सांगत नाही, मुलाला तर नाहीच. तिला एकटीला गाठून विचारा: “नेसताना कुठं दुखतंय?” मावशीच्या ‘नको’मागे हेच होतं. तिला साडी नको नव्हती, ब्लाउज नको होता.

दुकानात

दिवाळी, गौरी-गणपतीच्या गर्दीत नेऊ नका. आठवड्याच्या मधल्या दिवशी, सकाळी. गुडघे दुखत असतील तर गादीऐवजी खुर्ची मागा. आदल्या दिवशी एकट्याने जाऊन दुकानदाराला किमतीची मर्यादा सांगून ठेवा, म्हणजे तिच्यासमोर आकडा निघत नाही. आकडा ऐकला की तिचा हात ढिगातल्या सगळ्यात स्वस्त साडीवर जातो आणि तिथेच राहतो.

मग गप्प बसा. ती कापड चोळून बघेल, उलटं करेल, वास घेईल, तीन साड्या नाकारेल. ज्या साडीकडे हात दुसऱ्यांदा वळतो, ती तिची. दुकानदार “आजी, हे तुमच्या वयाला शोभतं” म्हणू लागला तर त्याला नम्रपणे थांबवा. काय शोभतं ते तिला ठाऊक आहे.

आपल्या भागात वयस्क बायकांची पहिली पसंती अजून इरकलच. ती विणतात कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातल्या इळकलला, खण येतो त्याच जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डहून, आणि नेसतात आमच्या मराठी घरांत. हातमागाची हवी असेल तर पदराचा जोड उलटून पाहा. अंगाचे उभे धागे आणि पदराचे उभे धागे फासांनी एकमेकांत अडकवून जोडलेले असतात. त्याला टोपे-तेणी म्हणतात. सुती म्हणून दिलेलं खरंच सुती आहे का ही शंका आली तर कडेचा एक धागा मागून घ्या आणि घरी काडीने जाळून बघा. सुताची मऊ राख होते आणि जळक्या कागदाचा वास येतो. पॉलिस्टरचा धागा वितळून त्याचा टणक मणी होतो. उन्हाळ्यात चुलीपुढे किंवा गॅसपुढे उभ्या राहणाऱ्या बाईच्या अंगावर पॉलिस्टर घालू नये, हे माझं ठाम मत आहे. घाम टिपत नाही आणि ठिणगी पडली तर कातडीला चिकटतं.

ब्लाउज

साडी पडून राहण्याचं निम्मं कारण ब्लाउज. साडी देऊन ब्लाउजपीस तसाच घडीत ठेवणं म्हणजे अर्धी भेट देणं. शिंप्याकडे जुना ब्लाउज मापाला देऊ नका, तिला घेऊन जा आणि नव्याने माप घ्यायला लावा. पाठ वाकली की मागची लांबी जास्त लागते आणि पुढची कमी. जुन्या मापाचा ब्लाउज मागून वर चढतो, मग ती दिवसभर तो खाली ओढत राहते. हूक पुढेच हवेत, मोठे हवेत. बोटं अगदीच वळत नसतील तर टिचबटणं लावा. मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो घेर, एक बोटभर सैल आणि बाही कोपरापर्यंत. ज्या बायका अजून खणाची गाठीची चोळी घालतात, त्यांना ब्लाउज शिवून देण्याचा आग्रह धरू नका. ती गाठ त्यांना हुकांपेक्षा सोपी जाते.

धुणं आणि घडी मोडणं

सहावारीला फॉल-पिको करून घ्या.

साडी आधी तिला कोरीच द्या. ती देवापुढे ठेवेल, हळदकुंकू लावेल, तो तिचा मान आहे. दुसऱ्या दिवशी मागून घ्या आणि मूठभर मीठ घातलेल्या थंड पाण्यात एकटीच भिजवून धुवा. जादा रंग निघतो, खळ निघते, कापड मऊ पडतं. खळीचं ताठ कापड वयस्क बाईच्या निऱ्यांत बसत नाही, आणि “नंतर नेसते” म्हणत ते राहून जातं. सावलीत वाळवा.

घडी मोडायला लग्नाची वाट पाहू नका. लग्नात सगळे बघतात आणि तिला तेच नको असतं. आठ दिवसांच्या आत एखादा लहानसा दिवस धरा. शुक्रवारी देवळात जाणं असो, शेजारचं हळदीकुंकू असो, नाहीतर माहेरच्या कुणाकडे चहाला. “तूच मोड गं घडी” म्हणून तिने साडी तुमच्या हातात दिली तर नाही म्हणू नका. तासभर नेसा, तिला दाखवा, आणि त्याच संध्याकाळी घडी घालून परत द्या. तिच्या ट्रंकेत नाही, तिच्या रोजच्या कपड्यांच्या दोरीवर, ती आंघोळीहून आली की पहिला हात जिथे जातो तिथे.