व्हेस्ट्रीवर निवडून आलात? आधी कुठला निर्णय कुणाचा ते समजून घ्या

नगर, नाशिक, पुण्याकडच्या सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) मंडळीत वाढलेल्या माणसाला अमेरिकेतल्या एपिस्कोपल चर्चमध्ये फारसं परकं वाटत नाही. १९७० ला नागपुरात सीएनआय स्थापन झालं तेव्हा आपल्याकडचे अँग्लिकन त्यात सामील झाले, आणि आज सीएनआय आणि हे एपिस्कोपल चर्च दोन्ही एकाच अँग्लिकन कम्युनियनमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या चर्चशी नातं असलेल्या जगभरच्या चर्चच्या परिवारात, आहेत, त्यामुळे उपासनेचा क्रम, प्रभुभोजन, बिशपसाहेबांची भेट हे सगळं ओळखीचं असतं. नवीन असतं ते चर्च चालवण्याचं काम. काही वर्षं नियमित गेलं, कॉफी अवरला हातभार लावला, की वार्षिक सभेच्या आधी कोणीतरी येऊन विचारतं, व्हेस्ट्रीला उभे राहता का, आपण आनंदाने हो म्हणतो, आणि मग कितीतरी महिने मीटिंगमध्ये नुसते ऐकत बसतो कारण काय चाललंय, आपण कुठे बोलायचं, कुठे नाही, हे कोणी सांगितलेलंच नसतं. म्हणून हे सविस्तर लिहितेय.

व्हेस्ट्री म्हणजे सभासदांनी वार्षिक सभेत निवडलेलं मंडळ. आपल्या पास्टोरेट कमिटीसारखं, पण एक मोठा फरक आहे. आपल्याकडे जमीन आणि इमारती बहुतेक ट्रस्ट असोसिएशनच्या नावावर असतात, इथे मात्र बऱ्याच राज्यांत पॅरिश (स्थानिक मंडळी) हीच एक कायदेशीर संस्था असते आणि चर्चच्या कॅनन्सप्रमाणे (नियमांप्रमाणे) मालमत्तेच्या बाबतीत आणि पाळकांशी असलेल्या संबंधांच्या बाबतीत त्या संस्थेच्या वतीने बोलणारी, सही करणारी व्हेस्ट्री असते. तुम्ही मीटिंगमध्ये हात वर करता तेव्हा कायद्याने जबाबदारी घेत असता. मुदत बहुतेक ठिकाणी तीन वर्षांची, दरवर्षी एक तृतीयांश लोक बदलतात. दोन वॉर्डन असतात, सीनियर आणि ज्युनियर. सीनियर वॉर्डन रेक्टरचा (पॅरिशच्या मुख्य पाळकांचा) जवळचा सल्लागार आणि रेक्टर नसताना मंडळी सांभाळणारा, ज्युनियर वॉर्डनकडे रूढीने इमारत येते. शिवाय ट्रेझरर आणि मिनिट्स, म्हणजे मीटिंगचा वृत्तांत, लिहिणारा क्लार्क. हे दोघं व्हेस्ट्रीचे सभासद असतीलच असं नाही. वॉर्डन कोण नेमतं, मतदानाचा हक्क कोणाला, कोरम किती, हे राज्याच्या कायद्यावर, डायोसिसच्या (बिशपच्या हाताखालच्या विभागाच्या) कॅनन्सवर आणि तुमच्या पॅरिशच्या बायलॉजवर (अंतर्गत नियमांवर) अवलंबून आहे, तेव्हा निवडून आल्याच्या आठवड्यातच क्लार्ककडून बायलॉज आणि मागच्या वर्षभराचे मिनिट्स मागून घ्या आणि खरंच वाचा. मिनिट्स वाचताना कुठला विषय दर महिन्याला पुढे ढकलला जातोय ते दिसतं, मंडळीचं खरं दुखणं बहुतेक तिथेच असतं.

आता मुख्य गोष्ट. मी पॅरिशमधली जी भांडणं बघितली त्यातली बहुतेक पैशावरून किंवा श्रद्धेवरून नव्हती, तो निर्णय मुळात कुणाचा होता हेच लोकांना माहीत नव्हतं म्हणून झाली. उपासना ही पूर्णपणे रेक्टरची बाब आहे. कुठली गीतं, उपासनेचा कुठला क्रम, वेदीजवळ काय ठेवायचं, उपदेश कोण करणार, हे प्रेयर बुक (उपासनेचं ठरलेलं पुस्तक), कॅनन्स आणि बिशपच्या मार्गदर्शनाच्या मर्यादेत रेक्टर ठरवतात. तुम्हाला मत असेल तर रेक्टरना भेटून सांगा, चहा घेत घेत सांगा, पण व्हेस्ट्रीत ठराव आणून मतदान घ्यायचा तो विषय नाही. इमारत वापरायचा ताबाही रेक्टरकडे असतो, पण ती नीट ठेवणं, तिचा विमा, छप्पर, बॉयलर, त्याचे पैसे ही व्हेस्ट्रीची जबाबदारी. ऑर्गनिस्ट कोण असावा हे बहुतेक ठिकाणी रेक्टर ठरवतात, त्या जागेसाठी बजेटमध्ये पैसे किती हे व्हेस्ट्री ठरवते. आणि जमीन विकायची किंवा गहाण ठेवायची असेल तर व्हेस्ट्री एकटी काही करू शकत नाही, बिशप आणि डायोसिसच्या स्टँडिंग कमिटीची (बिशपना सल्ला देणाऱ्या समितीची) लेखी संमती लागते, कारण १९७९ पासून कॅननमध्ये स्पष्ट लिहिलंय की पॅरिशची मालमत्ता डायोसिस आणि पूर्ण चर्चसाठी विश्वस्त म्हणून धरलेली आहे. त्यामुळे कुठलाही विषय अजेंड्यावर आला की मत बनवायच्या आधी एक प्रश्न विचारा: हे ठरवायचा अधिकार कोणाचा आहे. नवीन माणसाने हा प्रश्न विचारला तर कोणालाही राग येत नाही, उलट जुन्या लोकांनाही बरं वाटतं.

सामान्य सभासदांना एवढा अधिकार कसा, असं आपल्याकडच्या माणसाला वाटू शकतं. वसाहतीच्या काळात अमेरिकेत बिशपच नव्हते, पहिले सॅम्युएल सीबरी यांचा अभिषेक १७८४ ला झाला आणि तोही स्कॉटलंडमध्ये जाऊन. तोपर्यंत व्हर्जिनियासारख्या ठिकाणी पाळक नेमण्यापासून गरिबांची सोय बघण्यापर्यंत सगळं व्हेस्ट्री करायची, जॉर्ज वॉशिंग्टन स्वतः ट्रूरो पॅरिशच्या व्हेस्ट्रीवर होते. मग १७८५ ला फिलाडेल्फियात पहिलं जनरल कन्व्हेन्शन, म्हणजे पूर्ण चर्चची सर्वोच्च सभा, भरलं तेव्हाही सामान्य लोक पाळकांबरोबर बसले. पण या सामान्य लोकांत सगळे नव्हते, हे विसरू नका. फिलाडेल्फियातच अ‍ॅब्सलम जोन्स यांची सेंट थॉमस ही कृष्णवर्णीयांची मंडळी १७९४ ला चर्चमध्ये घेतली गेली पण डायोसिसच्या कन्व्हेन्शनमध्ये तिला जागा द्यायला अनेक दशकं लागली, आणि जनरल कन्व्हेन्शनमध्ये बायका डेप्युटी (प्रतिनिधी) म्हणून बसल्या त्या १९७० ला. आज कॅननमध्ये लिहिलंय की वंश, रंग, मूळ देश अशा कारणांवरून कोणालाही चर्चच्या जीवनात, उपासनेत किंवा कारभारात समान जागा नाकारता येणार नाही. त्या ओळीतला कारभार हा शब्द फार झगडून आलेला आहे, तेव्हा आपलं इंग्लिश वेगळं ऐकू येतं म्हणून मीटिंगमध्ये गप्प बसू नका. तुम्हाला मतं देऊन पाठवलंय ते बोलण्यासाठी.

पैशाबद्दल जरा जास्त लिहिते कारण इथेच नवीन माणूस सगळ्यात उपयोगी पडू शकतो, हिशोब बघायची सवय आपल्यातल्या बऱ्याच जणांना असते. रविवारचं अर्पण नेहमी दोघांनी मिळून मोजायचं, ते दोघं एकाच घरातले नकोत, आणि ट्रेझररने स्वतः मोजायचं नाही. मोजलेल्या कागदावर दोघांच्या सह्या, पैसे त्याच दिवशी बँकेत किंवा तिजोरीत. चेकवर सही करणारा एक आणि बँक स्टेटमेंट तपासणारा दुसरा. कोणावर अविश्वास म्हणून हे नाही, उद्या काही कमी निघालं तर निर्दोष माणसावर बोट येऊ नये म्हणून हे आहे, आणि जो ट्रेझरर वर्षानुवर्षं एकटाच सगळं सांभाळतोय त्याला हे प्रेमाने समजावून सांगा, त्याच्याच रक्षणाची गोष्ट आहे.

ट्रेझररचा रिपोर्ट आला की खालची एकच बेरीज बघून पान उलटू नका. त्यातले किती पैसे मोकळे आहेत आणि किती देणाऱ्याने ठराविक कामासाठी दिलेत ते विचारा. कोणी ऑर्गन दुरुस्तीसाठी दिलेल्या पैशातून हिवाळ्याचं गॅसचं बिल भरता येत नाही, परत ठेवू असं म्हणूनसुद्धा नाही. प्लेज (वर्षभरात इतके देऊ अशी सभासदांची वचनं) किती आलेत आणि प्रत्यक्ष किती जमा झालेत, मागच्या वर्षी याच महिन्यात किती होते, डायोसिसचा हिस्सा भरलाय का, रेक्टरच्या पेन्शनचे पैसे वेळेवर जातायत का. हे पेन्शन पाळकांच्या एकूण मोबदल्याच्या १८ टक्के असतं आणि ते पॅरिशनेच भरायचं असतं, अडचणीच्या वर्षात तिथेच कात्री लावायचा मोह होतो पण ते चालत नाही.

एक तांत्रिक पण फार महत्त्वाची गोष्ट. पाळकांच्या मोबदल्यातला काही भाग हाउसिंग अलाउन्स म्हणून ठरवला तर त्यावर फेडरल इन्कम टॅक्समध्ये सवलत मिळते, पण तो ठराव व्हेस्ट्रीने आधी करायला लागतो आणि मिनिट्समध्ये लिहिलेला असायला लागतो. मागच्या तारखेने करता येत नाही. म्हणून डिसेंबरच्या मीटिंगच्या अजेंड्यावर हा विषय आहे का ते नोव्हेंबरमध्येच क्लार्कला विचारा, आणि वर्षाच्या मधे नवीन रेक्टर आले तर पहिला पगार जाण्याआधी ठराव करा. एक ओळ विसरली तर एका कुटुंबाला त्याचा भुर्दंड पडतो.

रेक्टरचा डिस्क्रेशनरी फंडही नीट समजून घ्या. महिन्यातल्या एका रविवारचं, कुठल्या खास कामासाठी न दिलेलं अर्पण गरजूंना मदत करायला रेक्टरच्या हातात जातं, ही जुनी आणि चांगली पद्धत आहे. कोणाला मदत केली त्यांची नावं व्हेस्ट्रीने विचारायची नाहीत, लोक मोठ्या संकोचाने आलेले असतात. पण तो फंड पॅरिशचाच आहे, रेक्टरच्या खासगी खात्यात तो असता कामा नये आणि ऑडिटमध्ये तो आलाच पाहिजे. ऑडिट दरवर्षी करायचं असतं, बाहेरच्या अकाउंटंटकडून किंवा डायोसिसने मान्य केलेल्या पद्धतीने कमिटीकडून, आणि रिपोर्ट १ सप्टेंबरपर्यंत डायोसिसकडे जायला हवा. त्याआधी १ मार्चपर्यंत पॅरोकियल रिपोर्ट असतो, ज्यात उपस्थिती, बाप्तिस्मे, पैसे सगळं येतं. तो भरणं रेक्टर आणि व्हेस्ट्री दोघांची जबाबदारी आहे, आणि सर्व्हिस रजिस्टरमध्ये दर रविवारचा आकडा लिहिला नसेल तर फेब्रुवारीत अंदाजे आकडे भरायची वेळ येते, तेव्हा हे काम वर्षभर होतंय का बघत राहा. देणगीदारांना वर्षाच्या शेवटी पावत्या जातायत का तेही बघा, २५० डॉलर किंवा जास्तीच्या देणगीला लेखी पोच नसेल तर देणाऱ्याला करात वजावट घेता येत नाही.

इमारतीबद्दल थोडक्यात सांगते. विम्याची पॉलिसी दरवर्षी एकदा काढून वाचा. हॉल बाहेरच्या गटांना देत असाल तर लेखी करार करा आणि त्यांच्या विम्याचं सर्टिफिकेट घ्या, गट कितीही चांगला असला तरी. किल्ल्या कोणाकोणाकडे आहेत याची यादी करा.

सेफ चर्च ट्रेनिंग, म्हणजे चर्चमध्ये कोणाचं शोषण होऊ नये म्हणून दिलं जाणारं प्रशिक्षण, मात्र थोडक्यात उरकायचा विषय नाही. व्हेस्ट्रीवर आल्यावर ते लवकरात लवकर पूर्ण करा, आणि संडे स्कूलमध्ये किंवा युथ ग्रुपबरोबर कोणीही मोठं माणूस मुलांसोबत एकटं राहणार नाही हा नियम आपल्या ओळखीच्या, आदराच्या माणसांनाही तितकाच लावा. पाळकांच्या वागण्याबद्दल गंभीर तक्रार कानावर आली तर व्हेस्ट्रीने चौकशी समिती नेमायची नाही, घरोघरी फोन करायचे नाहीत. प्रत्येक डायोसिसमध्ये इनटेक ऑफिसर असतो, त्याच्याकडे कोणीही थेट तक्रार करू शकतं, तिथे पोचवा. मुलाला इजा झाल्याची शंका असेल तर राज्याच्या बालसंरक्षण यंत्रणेला कळवायचंच, आधी बिशपना विचारू असं म्हणून थांबायचं नाही.

मतभेद झाले आणि रेक्टर नकोसे झाले तर काय? आपल्याकडे पाळकसाहेबांची बदली होते, इथे तसं नसतं. रेक्टरच्या इच्छेविरुद्ध व्हेस्ट्री त्यांना काढू शकत नाही आणि व्हेस्ट्रीच्या संमतीशिवाय रेक्टर राजीनामा देऊ शकत नाहीत (७२ वर्षांची वयोमर्यादा सोडून), जमतच नसेल तर दोघांनी बिशपकडे जायचं असतं. म्हणून वर्षातून एकदा रेक्टर आणि व्हेस्ट्रीने शांतपणे बसून काय चांगलं चाललंय, काय अडतंय हे बोलून घ्यावं, मोठी ठिणगी पडेपर्यंत वाट बघू नये. आणि रेक्टर निवृत्त झाले किंवा दुसरीकडे गेले तर नवीन रेक्टर बोलावणं हे व्हेस्ट्रीचं सगळ्यात मोठं काम. सर्च कमिटी नावं सुचवते, निवड व्हेस्ट्री करते, पण निवडीआधी ते नाव बिशपना कळवून त्यांना बोलायला साठ दिवसांपर्यंत वेळ द्यायचा असतो. घाई करू नका, मधल्या काळात मंडळी विस्कटत नाही, सीनियर वॉर्डन आणि बिशपनी पाठवलेले इंटरिम (तात्पुरते) पाळक ती सांभाळतात.

मीटिंगमध्ये गुप्त म्हणून बोललेलं तिथेच ठेवा, अगदी घरीही नाही. आपल्या नात्यातल्या कोणाचा कॉन्ट्रॅक्ट असेल तर आधी सांगा आणि मतदानाच्या वेळी बाहेर जा, आणि तुम्ही बाहेर गेलात हे मिनिट्समध्ये लिहायला सांगा. ठराव हरलात तरी पार्किंग लॉटमध्ये त्याविरुद्ध दुसरी मीटिंग भरवू नका.

मुदत संपत आली की शेवटच्या दोन महिन्यांत तुमच्या नंतर येणाऱ्या माणसाला शेजारी बसवून काम दाखवा. बँकेतल्या सह्या बदला, ऑनलाइन खात्यांचे पासवर्ड आणि रिकव्हरीचा फोन नंबर बदला, कारण तुमच्या नंबरवर अडकलेलं पॅरिशचं खातं सोडवायला नवीन ट्रेझररला फार त्रास होतो. कागद घरी असतील तर ते ऑफिसात परत आणा, किल्ल्या यादीवर सही करून द्या, आणि अर्धवट राहिलेल्या कामांचं एक पान लिहून क्लार्ककडे ठेवा.