व्हीगन अ‍ॅपल क्रंबल करताना या चुका टाळा

व्हीगन म्हणजे प्राण्यांपासून मिळणारं काहीही न घालता केलेलं. बेकिंगच्या पदार्थांत दूध-अंडं वगळायचं म्हटलं की सगळ्यात कमी तडजोड क्रंबलमध्ये करावी लागते. केकमधलं अंडं काढलं की त्याच्या जागी काय घालायचं, यावर डोकं खपवावं लागतं. क्रंबलमध्ये अंडं मुळातच नसतं. खाली फळांचे तुकडे आणि वर पीठ, साखर, बटर बोटांनी चोळून केलेला भुरभुरीत थर, एवढाच तो पदार्थ. बदलायचं असतं फक्त बटर. तरीही इंग्लंडच्या घराघरांतला हा साधा पदार्थ आपल्या ओव्हनमध्ये हमखास दोन ठिकाणी फसतो: वरचा थर तेलकट, चपटा होतो किंवा खाली फळ पाण्यात पोहत राहतं.

आधी माप सांगते, म्हणजे पुढचं बोलणं सोपं जाईल. २० सेंटिमीटरच्या चौकोनी भांड्यासाठी सोललेली, चिरलेली सफरचंदं ७०० ते ७५० ग्रॅम. वरच्या थरासाठी मैदा १२० ग्रॅम, ओट्स ६० ग्रॅम, साखर ९० ग्रॅम, खोबरेल ७० ग्रॅम, चिमूटभर मीठ.

मोहन गरम नको

करंजी, शंकरपाळी करताना आपण पिठावर कडकडीत मोहन ओततो. हाताला तीच सवय असते आणि क्रंबलला नेमकी तीच मारक ठरते. इथे स्निग्धांश गार आणि घट्ट हवा. तो पिठात छोट्या छोट्या गोळ्यांनी राहिला, तर ओव्हनमध्ये हळूहळू वितळतो, आजूबाजूचं पीठ तेवढंच धरून ठेवतो आणि खुसखुशीत ढेकळं तयार होतात. पातळ तेल घातलं तर ते आधीच सगळीकडे पसरतं आणि हाती येते ती ओल्या वाळूसारखी रेव.

खोबरेल साधारण २४-२५ अंशांना वितळतं. पुण्या-नाशकात डिसेंबरात ते बरणीत गोठलेलं असतं, मुंबईत मात्र वर्षातले बहुतेक दिवस पातळच. म्हणून ते आधी मोजा, वाटीत काढा आणि फ्रिजमध्ये ठेवा. बोट दाबलं तर खड्डा पडेल इतकंच घट्ट हवं. दगडासारखं झालं तर त्याच्या कपच्या उडतात, पिठात मिसळत नाहीत. तेव्हा थोडा वेळ बाहेर ठेवायचं. चोळताना तळवा वापरू नका, तळहाताच्या उबेने तेल वितळतं. बोटांच्या टोकांनी चोळा. एप्रिल-मे महिन्यात तर तयार झालेलं मिश्रणच २० मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवून मग फळांवर पसरावं.

आता प्रमाण. बटरच्या पाककृतीत ९० ग्रॅम बटर लिहिलेलं असतं म्हणून ९० ग्रॅम खोबरेल घालणं ही फार सर्रास होणारी चूक. बटरमध्ये साधारण ८० टक्केच स्निग्धांश असतो, बाकी मुख्यतः पाणी. खोबरेल पूर्णपणे स्निग्धांश. म्हणून ते पाचव्या हिश्शाने कमी घ्यायचं आणि बटरमधल्या पाण्याची भरपाई म्हणून शेवटी एक चमचा बर्फगार पाणी शिंपडायचं. या पाण्याने ढेकळं बांधली जातात. पाणी शिंपडल्यावर मळायचं मात्र नाही.

घाण्याच्या खोबरेलाचा वास सफरचंद-दालचिनीवर कुरघोडी करतो, त्यामुळे इथे रिफाइंड बरं. अननसाचा क्रंबल असेल तर घाण्याचंच घ्या, तिथे तो वास फार छान लागतो. दोन्ही वेळी बाटलीवर ‘खाद्य’ असं लिहिलेलं आहे ना, हे पाहून घ्या.

पूर्ण कणीक वापरली तर थर कडक होतो, कारण ती जास्त पाणी शोषते. निम्मा मैदा, निम्मी कणीक चालते. गूळ आवडत असेल तर कोरडी गूळ पावडर घ्या. ती लवकर करपते, म्हणून तापमान १० अंशांनी उतरवा.

फळाचं पाणी

सफरचंद कोणतंही चालतं, हा गैरसमज. बाजारात सगळ्यात जास्त दिसणारं लाल डिलिशियस भाजल्यावर पिठूळ होतं आणि त्यात आंबटपणाही कमी. हिरवं ग्रॅनी स्मिथ आकार धरून ठेवतं, आंबट असतं, वरच्या गोड थराला तोलून धरतं. ते महाग वाटत असेल तर निम्मं हिरवं, निम्मं लाल घ्या. लालचे तुकडे थोडे मोठे, हिरव्याचे दीड-दोन सेंटिमीटरचे. विलायतेत राहणाऱ्यांना ब्रॅम्ली मिळतं. त्याची चव अप्रतिम, पण ते शिजून पार विरघळतं, म्हणून त्यातही दुसरं घट्ट सफरचंद मिसळावं.

साखर लावून फळ तासभर बाजूला ठेवलं की पाणी सुटणारच. एक तर साखर, लिंबाचा रस आणि एक मोठा चमचा कॉर्नफ्लॉवर लावून लगेच ओव्हनमध्ये घाला, नाहीतर सुटलेलं पाणी निथळून कढईत आटवा आणि परत फळात घाला. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी किंवा अननस असेल तर कॉर्नफ्लॉवर दोन चमचे. नुसती स्ट्रॉबेरी घेऊ नका, तिचा रसच रस होतो. सफरचंदाबरोबर ती सुरेख जमते. चिकूला आंबटपणा नसल्याने तो इथे मिळमिळीत लागतो.

कॉर्नफ्लॉवर घालूनही रस पातळ राहिला, तर तो पुरेसा उकळलेला नाही. वरचा रंग पाहून भांडं बाहेर काढू नका, कडेने जाडसर बुडबुडे येताना दिसले पाहिजेत.

लेबल

हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी. त्यात दूध असू शकतं. बऱ्याच मार्जरीनमध्ये आणि बिस्किटांमध्ये दुधाची भुकटी असते, म्हणून अ‍ॅलर्जीची सूचना वाचा. एफएसएसएआयने, म्हणजे भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, व्हीगन पदार्थांसाठी वेगळं चिन्ह ठरवलं आहे, हिरव्या चौकटीत ‘व्ही’ आणि वर छोटं पान. आणि मध व्हीगन नसतो.

ओटीजी आणि भांडं

ओटीजी म्हणजे घरगुती छोटा विजेचा ओव्हन. तो १८० अंशांवर वरची-खालची दोन्ही कॉइल लावून १० ते १५ मिनिटं आधी तापवा, मग मधल्या जाळीवर ४० ते ४५ मिनिटं. छोट्या ओटीजीत वरची कॉइल फार जवळ येते. थर लवकर तांबूस झाला तर वर फॉइल सैल ठेवा; घट्ट गुंडाळली तर वाफ कोंडून थर मऊ पडेल. मायक्रोवेव्हमध्ये करायचं असेल तर कन्व्हेक्शन मोडच हवा.

थर एक-दीड सेंटिमीटरचा, न दाबता पसरलेला. लिंबू आणि आंबट फळं असल्याने अ‍ॅल्युमिनियमचा डबा नको, धातूची चव उतरते. काचेचं भांडं फ्रिजमधून थेट तापलेल्या ओव्हनमध्ये घालू नका, तडकू शकतं.

बाहेर काढल्यावर १५-२० मिनिटं थांबा, रस तेव्हाच आळतो. सोबत नारळाच्या दुधातलं कस्टर्ड फार छान जातं, फक्त ते खळखळून उकळू नका, दूध फाटतं. कस्टर्ड पावडरच्या पाकिटावरचे घटकही एकदा पाहा. उरलेला क्रंबल दुसऱ्या दिवशी ओटीजीतच १६० अंशांवर दहा मिनिटं गरम करा. मायक्रोवेव्हमध्ये वरचा थर ओलसर होतो. कच्चा थर जास्त झाला असेल तर डब्यात घालून फ्रीजरमध्ये ठेवा. तो न वितळवता तसाच फळांवर पसरून भाजता येतो.