इलेक्ट्रिक कुकरमध्ये मोकळा भात

इलेक्ट्रिक प्रेशर कुकरमध्ये भात गिचका होतो, कारण उघड्या पातेल्यात घालतो तेवढंच पाणी आपण इथेही घालतो. झाकण घट्ट बंद असल्याने वाफ फारशी बाहेर जात नाही. पाणी कमीच लागतं.

१. पांढरा, लांब दाण्याचा तांदूळ ३-४ पाण्यांनी धुवा आणि चाळणीत १० मिनिटं निथळत ठेवा. हे टाळू नका. धुतलेल्या तांदळात राहिलेलं पाणीच सगळं प्रमाण बिघडवतं.

२. १ वाटी तांदळाला १ वाटी पाणी. मोजायला वाटी तीच घ्या. चवीला मीठ, चमचाभर तेल.

३. हाय प्रेशरवर ४ मिनिटं.

४. वेळ संपली की कुकर बंद करा, 'कीप वॉर्म'सुद्धा. १० मिनिटं हात लावू नका, मग उरलेली वाफ सोडा.

झाकण उघडल्यावर वरची शितं ओलसर दिसतील. लगेच डाव घालून ढवळाल तर ती मोडतील. काटाचमचा कडेने आत घालून भात हलकेच वर उचला आणि ५ मिनिटं उघडा ठेवा. ओल उडते, शीत न् शीत सुटं होतं.

ब्राउन राइसला सव्वा वाटी पाणी आणि साधारण २२ मिनिटं.

जपायचं एकच: तांदूळ-पाणी मिळून भांडं अर्ध्याच्या वर भरू नका. भात शिजताना फेसाळतो आणि तो फेस व्हॉल्व्हमध्ये अडकतो.