फ्लेक्सो छपाईत दोष दिसला की आधी पट्टी, मग पाना

आम्ही फ्लेक्सोने, म्हणजे मऊ उठावाच्या प्लेटने, पाकिटांची प्लास्टिक फिल्म छापतो. छपाईत काही बिघडलं की आमच्या सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतल्या शेडमध्ये पहिला हात जातो इम्प्रेशनच्या, म्हणजे छपाईचा दाब लावायच्या, स्क्रूकडे. अक्षर तुटतंय? दाब वाढव. सॉलिड, म्हणजे सलग रंगाचा भाग, भरत नाही? दाब वाढव. दोन मिनिटं बरं दिसतं आणि पुढच्या रोलला दुसरीच कटकट सुरू होते. क्वालिटी माझ्याकडे आहे, म्हणजे पार्टीचा फोन आला की ऐकून घ्यायचं मीच. म्हणून नव्या पोरांच्या हातात मी लगेच पाना देत नाही. खिशात स्टीलची पट्टी, भिंग आणि मार्कर ठेवा म्हणते.

कारण बहुतेक दोष आपला पत्ता सांगतात. ॲनिलॉक्स, म्हणजे अंगभर बारीक खळगे (सेल) असलेला रोलर, शाई उचलतो, डॉक्टर ब्लेड, म्हणजे त्याला टेकलेलं पातळ पातं, जादाची पुसतं, सिलिंडरवर टेपने चिकटवलेली प्लेट उरलेली घेते आणि फिल्मवर टेकवते. यातला प्रत्येक रोलर वेगळ्या घेराचा. दोष किती अंतरावर पुन्हा येतो हे मोजलं की कुठल्या रोलरकडे जायचं ते कळतं.

डाग परत कधी येतो?

समजा जॉबचा रिपीट, म्हणजे प्लेट सिलिंडरच्या एका फेरीत छापली जाणारी लांबी, ४२० मिमी आहे आणि एका रिपीटमध्ये दोन पाकिटं बसतात. डाग एकाआड एक पाकिटावर, त्याच जागी येत असेल तर तो प्लेटवर किंवा प्लेट सिलिंडरवर आहे. मशीन थांबवा, प्लेटवर बोट फिरवा. वाळलेल्या शाईचा कण, टेपखाली अडकलेली हवा किंवा प्लेटला पडलेला खड्डा सापडतो.

डाग येतोय, पण दर रिपीटला जागा बदलून, तर ॲनिलॉक्सकडे बघा. ॲनिलॉक्सचा व्यास १५० मिमी असेल तर घेर ४७१ मिमी होतो. म्हणजे ४२० च्या रिपीटवर डाग दर वेळी ५१ मिमी पुढे सरकणार. डिझाइनमध्ये कोरी जागा आली की तो मधेच गायब होतो, म्हणून एकच डाग बघून निकाल देऊ नका. तीन-चार मीटर फिल्म टेबलावर पसरा, सगळे डाग मार्करने गोल करा आणि मग मोजा.

अंतराला काही ताळमेळच नसेल तर रोलर सोडा. धूळ, फिल्ममधला जेल (प्लास्टिकची बारीक गाठ) किंवा शाईतला कण असणार. शेजारी हळद दळणारं युनिट असेल आणि शेडचं दार उघडं असेल तर कारण फार लांब शोधू नका.

आणि वेबच्या, म्हणजे फिल्म धावते त्या, दिशेने जाणारी सलग बारीक रेघ? ती ब्लेडची. पण इथे एक खोच आहे. आमचा एक ऑपरेटर ठामपणे म्हणाला, "ताई, ब्लेड सकाळीच नवं टाकलंय की!" ब्लेड नवं असलं तरी त्याच्यामागे वाळलेल्या शाईचा खडा अडकू शकतो. तो ब्लेडला उचलून धरतो आणि तिथून जास्त शाई निसटते. तपासायचं असं: ब्लेड दोन-तीन मिमी बाजूला सरकवा. रेघ सोबत सरकली तर ब्लेड साफ करा किंवा बदला. रेघ जागची हलली नाही तर ॲनिलॉक्सलाच ओरखडा आहे, आणि तो मशीनवर निघत नाही. तो रोलर पुन्हा बनवायला पाठवावा लागतो. शाईच्या लाइनमध्ये गाळणी आणि लोहचुंबक लावायचा खर्च त्यापुढे काहीच नाही.

आडवे पट्टे

बेदाण्याच्या पाकिटाला हिरवा सॉलिड हमखास असतो, आणि आडवे फिकट-गडद पट्टे सगळ्यात आधी त्याच्यातच दिसतात. लोक सरसकट 'गिअर मार्क' म्हणून मोकळे होतात. त्यातले निम्मे गिअरचे नसतात.

एका पट्ट्यापासून दुसऱ्यापर्यंतचं अंतर डोळ्याने मोजू नका, चुकतं. दहा अंतरं एकत्र मोजा आणि दहाने भागा. दहा अंतरं ३२ मिमीच्या आसपास आली, म्हणजे एकाला ३.२. गिअर १/८ इंच सर्क्युलर पिचचा असेल तर दोन दातांमधलं अंतर ३.१७५ मिमी असतं. जुळलं! गिअर मॉड्युलचे (दाताचं माप मिमीमध्ये सांगणारे) असतील तर मॉड्युलला ३.१४ ने गुणा आणि ताडून बघा. जुळलं तर गिअर साफ करा, घासलेले दात बघा, गिअर एकमेकांत फार खोल किंवा फार सैल बसलेत का ते बघा. हे सगळं ठीक असेल तर माउंटिंग टेप मोजा. ०.५० मिमीच्या जागी ०.३८ ची टेप लागली की प्लेटचा बाहेरचा व्यास गिअरच्या हिशोबाशी जुळत नाही, आणि ऑपरेटर तो फरक दाबाने भरून काढायला जातो. पट्टे तिथूनच सुरू होतात.

अंतर दाताशी जुळत नाही आणि पट्टे फक्त सॉलिडची कडा सुरू झाल्यावर पुढे काही सेंटिमीटर दिसतात, असं असेल तर तो बाउन्स. प्लेटची जाड कडा दाबात शिरताना सिलिंडर उसळतो. स्पीड कमी-जास्त करून बघा. बाउन्स बदलतो, गिअरच्या पट्ट्यांचं अंतर बदलत नाही. बाउन्सवर उपाय डिझाइनमध्ये आणि माउंटिंगमध्ये आहे: सगळ्या प्लेटांच्या कडा एका ओळीत येऊ न देता मागे-पुढे लावायच्या, दोन्ही बाजूंना बेअरर पट्ट्या (दाब सलग ठेवणाऱ्या, प्लेटच्याच उंचीच्या) ठेवायच्या, टेप थोडी मऊ घ्यायची. बेअरिंग ढिलं असेल तर मात्र यातलं काहीच चालत नाही.

दाबाचे दोष

अक्षराभोवती गडद कड आणि आत फिकट, म्हणजे हॅलो. भिंगातून छटेचा बारीक ठिपका मधे पोकळ दिसला तरी संशय आधी दाबावरच. 'सांगली हळदी'ला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मानांकनाचं चिन्ह पाकिटावर टाकतात ते नखाएवढं, आणि हॅलो आला की पहिला बळी त्याच्यातल्या बारीक अक्षरांचा जातो.

दाब लावायचा क्रम ठरलेला आहे. आधी ॲनिलॉक्स ते प्लेट, मग प्लेट ते फिल्म. दोन्हीकडे छाप तुटेपर्यंत मागे जा, मग डाव्या-उजव्या बाजूला सारखं थोडं थोडं पुढे या. पूर्ण छाप उमटली की थांबा. तिथून फार तर ०.०५ ते ०.१ मिमी पुढे. यापेक्षा जास्त लागत असेल तर दोष दाबाचा नाही. प्लेट कुठेतरी बसकी आहे, टेप चुकली आहे किंवा सिलिंडर मध्यावर नीट फिरत नाही. एका कोपऱ्यासाठी आख्ख्या प्लेटवर दाब टाकणं म्हणजे उरलेल्या जॉबची वाट लावणं.

ठिपके एकमेकांना चिकटून बारीक जाळी बुजत असेल तर दाबाबरोबर ॲनिलॉक्सची लाइन, म्हणजे एका इंचात सेलच्या किती ओळी, ते बघा. प्लेट १२० लाइनची (इंचाला ठिपक्यांच्या १२० ओळी) असेल तर ॲनिलॉक्स निदान ५००-६०० चा हवा. सेल मोठा आणि ठिपका लहान असला की ठिपका सेलमध्ये बुडतो आणि अंगभर शाई घेऊन येतो. सॉलिडसाठी ठेवलेला जाड, म्हणजे मोठ्या सेलचा, ॲनिलॉक्स घाईत हाफटोनला, म्हणजे ठिपक्यांच्या छपाईला, लावला की हेच होतं.

शाई आणि सांगलीची हवा

कडेपासून बाहेर बारीक फराटे फुटतात, घामाने कुंकू ओघळावं तसे. यात दाबही असतो, पण एप्रिल-मेच्या दुपारी मी आधी शाईच बघते. शाईतलं सॉल्व्हंट, इथाइल ॲसिटेट, भराभर उडतं, शाई घट्ट होते आणि प्लेटच्या कडेला वाळून बसते. दर अर्ध्या तासाला कप लावा, म्हणजे भोकाच्या कपातून शाई किती सेकंदांत गळते ते मोजा. आमच्याकडे बी-४ कपाने १८ ते २२ सेकंद ठेवतात. तुमच्या शाईवाल्याने दिलेला आकडा वेगळा असेल तर तो पाळा. उन्हाळ्यात आयपीएच्या (आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या) जागी थोडं एन-प्रोपेनॉल घ्या, अगदीच वाळत असेल तर किंचित मेथॉक्सी प्रोपेनॉल. किंचितच, कारण हळू उडणारं सॉल्व्हंट फिल्ममध्ये अडकतं. मग रोल आतून चिकटतो आणि पाकिटाला वास येतो. ॲसिटेट वाढवून 'लवकर वाळू दे' हा पावसाळ्यातला उलटा हट्ट. आपली फोटोपॉलिमर (प्रकाशाने घट्ट होणाऱ्या प्लास्टिकची) प्लेट जास्त ॲसिटेटने फुगते आणि अक्षरं जाड होतात. टोल्युईनचं तर नावच काढू नका. खाण्याच्या पॅकेजिंगच्या शाईत ते चालत नाही आणि प्लेटही खराब करतं.

रंग हळूहळू फिका होत चाललाय, कप बरोबर आहे, तरीही शाई ओतायची घाई नको. ॲनिलॉक्सचे सेल बुजलेत का ते भिंगातून बघा. साफ करताना सिरॅमिक ॲनिलॉक्सला पितळी ब्रश लावू नका, स्टेनलेस स्टीलचाच वापरा.

सुईएवढी छिद्रं

सॉलिडमध्ये पांढरे ठिपके आले की डाइन पेन, म्हणजे फिल्म शाई धरेल का ते सांगणारं पेन, घ्या. पॉलिथिनला ३८ डाइन तरी हवं. पेनची रेघ थेंबाथेंबाने गोळा झाली तर ट्रीटमेंट (शाई धरावी म्हणून फिल्मवर केलेली विजेची प्रक्रिया) उतरलेली आहे. रोल गोडाउनमध्ये बरेच महिने पडून असेल तर असं होतंच. पेन लावण्याआधी एक बावळट वाटणारा प्रश्न विचारा: रोल उलटा तर चढला नाही ना? ट्रीट न केलेल्या बाजूवर छापलेला जॉब सेलो टेपला सगळा उचलून येतो. पेन पास झालं तर शाईतला फेस बघा.

द्राक्षाची खोकी

तासगाव भागातल्या द्राक्षांच्या खोक्यांवर छपाई पन्हाळीच्या पुठ्ठ्यावर होते, त्यामुळे फ्लूटच्या (आतल्या नागमोडी कागदाच्या) रेघा छपाईत उमटतात. दाब वाढवून त्या जात नाहीत, उलट फ्लूट चेपतो आणि खोकं थप्पीत दबून बसतं. मऊ प्लेट किंवा प्लेटखाली कुशन, आणि कमी दाब. पाण्याच्या शाईचा पीएच ८.५ ते ९.५ मध्ये ठेवा. खाली गेला की शाई घट्ट होते.

दोष सापडला, मिटला, तरी नमुना फेकू नका. एक मीटर कापून त्यावर रोल नंबर, युनिट, स्पीड आणि मोजलेलं अंतर लिहून ठेवा. शिफ्ट संपताना प्लेट धुवून, सुकवून, अंधाऱ्या कपाटात ठेवा, आणि ते कपाट कोरोना ट्रीटरपासून (फिल्मला ती विजेची ट्रीटमेंट देणाऱ्या यंत्रापासून) लांब ठेवा. तिथल्या ओझोनने प्लेटला केसाएवढे तडे जातात, आणि ते दिसायला भिंग लागतं.