एकोणचाळीस फुटांतले बारा स्लीपर

सिव्हिल इंजिनिअरिंग करून अमेरिकेत रेल्वेत शिरायचंय, असं विचारणारे मेसेज आता महिन्याला दोन-तीन येतात. प्रत्येकाला तेच लिहून बोटं दुखली, म्हणून एकदाच सगळं लिहिते.

मी भुसावळची. आजोबा कीमन होते. हातात हातोडा घेऊन रोज आपल्या बीटवर पायी जायचं, रूळ धरून ठेवणारी चावी सैल झाली असेल तर ठोकायची, पुढं चालायचं. आमच्या घरी रेल्वे म्हणजे नोकरी, क्वार्टर, पास आणि पेन्शन. त्यामुळे एमएसला इथं आल्यावर पहिला धक्का बसला तो हा, की अमेरिकेतले बहुतेक रूळ सरकारचे नाहीत. बीएनएसएफ, युनियन पॅसिफिक, सीएसएक्स, नॉरफोक सदर्न आणि मुळच्या कॅनडातल्या सीएन आणि सीपीकेसी अशा सहा मोठ्या मालवाहू कंपन्या आहेत, आणि त्यांच्याखाली शेकडो छोट्या. रूळ त्यांचे, जमीन त्यांची, रुळांखालचे आडवे स्लीपर बदलायचा खर्चही त्यांचाच. प्रवासी गाड्या बहुतांशी त्यांच्याच रुळांवरून जातात. म्हणजे तुम्ही मागितलेला प्रत्येक स्लीपर शेअरधारकाच्या लाभांशाशी एकाच रांगेत उभा असतो. हे कॉलेजात कोणी सांगत नाही.

कॉलेजचं थोडक्यात. रेल्वेचे स्वतंत्र विषय शिकवणारी विद्यापीठं मोजकी आहेत. इलिनॉय अर्बाना-शॅम्पेन आणि मिशिगन टेक ही त्यांतली दोन. नसेल तिथं प्रवेश, तरी जिओटेक आणि स्ट्रक्चर्स नीट करा आणि अरेमाच्या, म्हणजे इथल्या रेल्वे इंजिनिअरांच्या संघटनेच्या, विद्यार्थी शाखेत नाव घाला. ओळखी तिथंच होतात. व्हिसाचा प्रश्न पहिल्याच फोनवर विचारा. मला एका ठिकाणी तिसऱ्या फेरीनंतर सांगितलं की आम्ही स्पॉन्सर करत नाही.

आता मुद्द्याचं.

मला पहिली नोकरी लागली एका मोठ्या मालवाहू कंपनीत, ट्रॅक विभागात, प्रशिक्षणार्थी म्हणून. नाव सांगत नाही, आणि अंदाजही बांधू नका. रुजू होण्याआधी मी त्यांच्याबद्दल जे वाचलं होतं ते सगळं लोभस होतं. शिष्यवृत्त्या, अन्नछत्रांना देणग्या, गावोगावच्या हौशी अग्निशमन दलांना टँकर-वाघिणींचं प्रशिक्षण. आणि नाताळची गाडी. हा प्रकार इथं अनेक कंपन्या करतात. सीएसएक्सची सांता ट्रेन केंटकीहून टेनेसीपर्यंतच्या डोंगरी खाण-पट्ट्यातून १९४३ पासून धावते, थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी, आणि वाटेत मुलांना भेटी वाटते. सीपीकेसीची दिव्यांनी सजवलेली हॉलिडे ट्रेन १९९९ पासून गावोगाव थांबून अन्नपेढ्यांसाठी धान्य आणि पैसे गोळा करते. हे खोटं नाही. त्या गाडीची वाट पाहणारी म्हातारी माणसं मी पाहिली आहेत, लहानपणी आपण पाहिलेली गाडी नातवाला दाखवायला आलेली.

पण त्यावरून कंपनी ओळखू नका. कंपनी ओळखायची तर ३९ फूट चालायचं.

सांगते. फेडरल रेलरोड ॲडमिनिस्ट्रेशन, म्हणजे एफआरए, ही रेल्वेची सुरक्षा पाहणारी सरकारी यंत्रणा. हिचा ट्रॅकविषयीचा नियम भाग २१३ मध्ये आहे. ही तुमची गीता, ज्ञानेश्वरी, सगळं. त्यात रुळांचे वर्ग आहेत: वर्ग १ वर मालगाडीला ताशी १० मैल, २ वर २५, ३ वर ४०, ४ वर ६०, ५ वर ८०. स्लीपर, ज्याला इथं टाय म्हणतात, ते ३९ फुटांच्या तुकड्यात मोजायचे. जुना रूळ ३९ फुटी असायचा, म्हणून हा आकडा. साधारण साडेएकोणीस इंचांवर एक या हिशेबानं त्यात २४ टाय बसतात. आता सरळ रुळावर, ताशी ६० मैलांच्या वर्ग ४ साठी नियम किती चांगले टाय मागतो? १२. वर्ग १ साठी ५.

हे मी फोनवर आबांना, म्हणजे त्या कीमन आजोबांना, सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "बाकीचे बारा काय शोभेला?" त्यांना आणखी एक गोष्ट पचली नाही: इथले बहुसंख्य टाय अजून लाकडीच आहेत, खिळ्यांनी ठोकलेले. "आम्ही लाकडी काढून सिमेंटचे टाकले, आणि तू अमेरिकेत जाऊन लाकूड मोजतेस व्हय?"

(लाकूड वाईट नाही. क्रिओसोट पाजलेला ओक चांगला टिकतो, स्वस्त पडतो, मधलाच एखादा बदलायला सोपा. आबांना हे पटलेलं नाही.)

तर नियम ही तळाची रेघ आहे. तिच्या किती वर राहायचं ते कंपनी ठरवते, आणि तिथंच तिचा स्वभाव कळतो. चांगला रोडमास्टर, म्हणजे आपल्या हद्दीतले रूळ सांभाळणारा अधिकारी, १२ वर येईपर्यंत थांबत नाही. पैसे नसलेला थांबतो, आणि १२ चे ११ झाले की वेग उतरवतो. त्याला स्लो ऑर्डर म्हणतात. नियमाप्रमाणे ती पूर्ण कायदेशीर तोड आहे: दोष सापडला, दुरुस्ती होत नाही, तर वेग खालच्या वर्गात न्या. गाडी पडत नाही, कागद स्वच्छ राहतो, आणि ती जागा वर्षभर तशीच कुजते.

माझ्या वाट्याला एका फाट्यावरचं वळण होतं. वळणावर टाय जास्त लागतात, खालून पाणी निघत नव्हतं, गाडी गेली की खडी चिखल थुंकायची. तिथं ताशी १० मैलांची स्लो ऑर्डर मी रुजू होण्याआधीपासून होती. मी चारशे टाय मागितले, नव्वद मिळाले. ते टाकायला गँग आली आणि चौथ्या दिवशी उचलून नेली. कारण नाताळची गाडी येणार होती. गावातल्या फाटकाजवळ, जिथं लोक उभे राहणार तिथं, तण काढायचं होतं, नवी खडी पसरायची होती, फाटकाचे खांब रंगवायचे होते. दोन आठवडे गेले. रंग मात्र छान लागला होता.

मी चिडले होते. पण त्या संध्याकाळी एक गोष्ट पाहिली. आमच्या गँगमधला टॅम्पर, म्हणजे खडी दाबायचं यंत्र, चालवणारा एकजण, ज्याला महिन्यापूर्वी मुलाच्या ऑपरेशनसाठी रजा मागताना तीनदा नाही म्हटलं होतं, तोच त्या मुलाला खांद्यावर घेऊन गर्दीत पुढं उभा होता. गाडी आली तसं तो पोराला म्हणाला, हे फाटक बाबांनी केलंय. अभिमान खरा होता. त्यामुळे "हे सगळं ढोंग आहे" असं म्हणणाऱ्यांशी माझं पूर्ण जमत नाही, आणि "आमची कंपनी म्हणजे कुटुंब" म्हणणाऱ्यांशी तर अजिबात नाही.

रजेचं नीट समजून घ्या, कारण मुलाखतीत कोणी सांगणार नाही. गेल्या काही वर्षांत बहुतेक मोठ्या कंपन्यांनी प्रिसिजन शेड्युल्ड रेलरोडिंग नावाची पद्धत उचलली. हंटर हॅरिसन या अधिकाऱ्यानं ती रुजवली. लांब गाड्या, कमी यार्ड, कमी इंजिनं, कमी माणसं. यश मोजायचं ते ऑपरेटिंग रेशोनं, म्हणजे शंभर डॉलर कमवायला किती खर्च झाला. २०२२ मध्ये सरफेस ट्रान्सपोर्टेशन बोर्ड या रेल्वे कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी मंडळाचे तेव्हाचे अध्यक्ष मार्टिन ओबरमन यांनी जाहीर सांगितलं की सहा वर्षांत मोठ्या कंपन्यांनी २९ टक्के, सुमारे ४५,००० माणसं कमी केली. उरलेल्यांवर ताण आला. त्याच वर्षी फेब्रुवारीत बीएनएसएफनं हाय-व्हिज नावाची हजेरी-पद्धत आणली. गाडीवरच्या प्रत्येक कर्मचाऱ्याच्या नावावर ३० गुण, बोलावल्यावर आला नाहीस की गुण कापले. वर्षअखेरीस देशव्यापी संपाची वेळ आली. बारा कामगार संघटनांपैकी चारांनी करार नाकारला, मुख्य कारण पगारी आजारी रजा एकही नाही हे. पाच वर्षांत २४ टक्के पगारवाढ होती, तरी. शेवटी काँग्रेसनं, म्हणजे इथल्या संसदेनं, कायदा करून तो करार लादला आणि २ डिसेंबर २०२२ ला बायडन यांनी सही केली. पुढच्या वर्षी कंपन्यांनी एकेका संघटनेशी वेगळे करार करून काही दिवस दिले.

त्या सहीनंतर दोन महिन्यांनी, ३ फेब्रुवारी २०२३ च्या रात्री, ओहायोतल्या ईस्ट पॅलेस्टाइनला नॉरफोक सदर्नच्या गाडीच्या ३८ वाघिणी घसरल्या. ११ मध्ये घातक रसायनं होती. तिथं रुळाचा दोष नव्हता, एका चाकाचं बेअरिंग तापून निकामी झालं होतं. रुळाकडेचे तापमापक ते टिपतात, पण एका ठिकाणी ते बाहेरच्या हवेपेक्षा १०३ अंश फॅरनहाइट जास्त दिसलं, जे गाडी थांबवण्याच्या मर्यादेत बसत नव्हतं, आणि सुमारे वीस मैलांनी पुढच्या मापकावर एकदम २५३. चालकांनी ब्रेक लावले तोवर उशीर झाला होता. तीन दिवसांनी विनाइल क्लोराइडच्या पाच टाक्या मुद्दाम फोडून जाळल्या. तशी गरज नव्हती, असा निष्कर्ष एनटीएसबी या अपघातांची चौकशी करणाऱ्या सरकारी संस्थेनं २०२४ मध्ये काढला. कंपनीनं गावाच्या बागेसाठी अडीच कोटी डॉलर जाहीर केले. सामूहिक दाव्याची तडजोड साठ कोटींची झाली. प्रशिक्षणार्थी म्हणून माझ्या डोक्यात बागेचा आणि दाव्याचा हे दोन आकडे शेजारी शेजारी बसले, आणि मधे ते वीस मैल.

आता तुम्हाला उपयोगी पडेल ते.

मुलाखतीत कंपनीच्या सामाजिक कामाचं कौतुक जरूर करा, त्यांना आवडतं. मग विचारा: तुमच्या हद्दीत आज स्लो ऑर्डर किती आहेत, आणि सगळ्यात जुनी कधीची? एका इन्स्पेक्टरकडे किती मैल? इन्स्पेक्टरनं वेग उतरवला तर वर कोणाला फोन करून समजावावं लागतं का? हा तिसरा प्रश्न खरा. कायद्यानं पात्र इन्स्पेक्टरला तो अधिकार आहेच, पण रात्री दोनला "बघ ना जरा, खरंच गरज आहे का" असा फोन येतो की नाही, हे समोरच्याच्या चेहऱ्यावर दिसतं.

रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यात रोडवे वर्कर प्रोटेक्शन, म्हणजे रुळावर काम करणाऱ्यांच्या सुरक्षेचे नियम, शिकवतील. त्यात गुड फेथ चॅलेंज नावाची तरतूद आहे: रुळावर सुरक्षेची व्यवस्था नियमाला धरून नाही असं प्रामाणिकपणे वाटलं, तर काम नाकारता येतं, मग तुम्ही कितीही नवे असा. आपल्याकडून आलेल्या मुलांना साहेबाला नाही म्हणायची सवय नसते. मलाही नव्हती. मी पहिल्यांदा नाही म्हटलं तेव्हा आवाज फुटेना, पण फोरमननं खांदे उडवले आणि ब्रीफिंग पुन्हा घेतलं. इतकंच.

लागलं, पडलात, तर त्याच दिवशी लिहून द्या. "लिहू नकोस, आपला सुरक्षा-पुरस्कार जाईल, पिझ्झा पार्टी जाईल" असं कोणी हसत हसत म्हणेल. रेल्वे कामगारांच्या दुखापतीच्या भरपाईसाठी इथं १९०८ चा फेला कायदा आहे, त्यात कंपनीचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो, आणि न लिहिलेली दुखापत दाखवणं अवघड जातं. पिझ्झा स्वतः विकत घ्या.

गँगमधल्या लोकांशी बसून जेवा. ट्रॅकचा इतिहास संगणकात नसतो, त्यांच्या डोक्यात असतो. कुठं पूर्वी तळं होतं, कुठली मोरी बुजली आहे. मला त्या वळणाखालच्या पाण्याचं कारण एका पन्नाशीतल्या वेल्डरनं डबा खाताना सांगितलं.

दोन वर्षांनी मी ती नोकरी सोडली. एका छोट्या कंपनीच्या मुलाखतीत स्लो ऑर्डरचा प्रश्न विचारला, तर समोरच्या माणसानं शर्टाच्या खिशातून चार घड्यांचा कागद काढला आणि वाचायला लागला. अकरा होत्या. सगळ्यात जुनी सात आठवड्यांची, आणि तिचे टाय मंगळवारी येणार होते. पगार कमी होता. घेतली.

इथं नाताळची गाडी नाही. कंपनी गावात एक कॅलेंडर वाटते, आणि त्यात फोटो मागच्या वर्षीचेच असतात.