बारा व्होल्टच्या बोर्डला फ्यूज कितीचा?

फ्यूज आयसी वाचवत नाही. शॉर्ट झाला की आयसी आधी जातो, फ्यूज मग उडतो. त्याचं काम वायर, कनेक्टर आणि बोर्डावरचा ट्रॅक (तांब्याची पट्टी) जळू न देणं. म्हणून हिशेबाला दोन टोकं: नेहमीच्या करंटला फ्यूज टिकला पाहिजे आणि ट्रॅक तापण्याआधी तुटला पाहिजे.

उदाहरण घेऊ शेतातल्या स्टार्टरपेटीतल्या, मोबाइल नेटवर्कवर चालणाऱ्या जीएसएम बोर्डाचं. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची लेड-अ‍ॅसिड बॅटरी, रिले आणि मॉडेम धरून सलग लोड जास्तीत जास्त ०.६ अँपिअर.

आधी फ्यूजवरचं मानक बघा, कारण '१ अँपिअर'चा अर्थ आयईसी (आंतरराष्ट्रीय) आणि यूएल (अमेरिकी) या दोन मानकांत एक नाही. आयईसी ६०१२७चा काचेचा फ्यूज दीडपट करंट तासभर सोसतो. यूएल २४८-१४चा १.३५ पटीला तासाच्या आत तुटतो. यूएलचा असेल तर सलग लोड ७५ टक्क्यांपर्यंतच ठेवा: ०.६ ÷ ०.७५ = ०.८. उन्हाळ्यात बंद पेटीत आत ६० अंश सहज होतात, त्यामुळे फ्यूजच्या क्षमतेत १० टक्के घट धरली की ०.८९. म्हणजे १ अँपिअर. खरी घट डेटाशीटमधल्या (कंपनीच्या माहितीपत्रकातल्या) तापमानाच्या आलेखात मिळते. बाहेरच्या थरावरचा १ मिलीमीटर रुंद, ३५ मायक्रॉन जाड ट्रॅक २० अंश तापवाढीत सुमारे ३ अँपिअर वाहतो, तेव्हा तिथे चिंता नाही.

नवा फ्यूज बॅटरी जोडताक्षणीच उडतो, तो बहुधा इनपुटच्या कपॅसिटरमुळे. ४७० मायक्रोफॅरड, १३.८ व्होल्ट, वाटेतला एकूण रोध ०.३ ओहम: क्षणभर ४६ अँपिअर! त्याचा आय-स्क्वेअर-टी (करंटचा वर्ग गुणिले वेळ, म्हणजे धक्क्याचं माप) येतो कपॅसिटन्स गुणिले व्होल्टेजचा वर्ग, भागिले दुप्पट रोध, इथे ०.१५. असे लाखभर धक्के सोसायला फ्यूजचा वितळण्याचा आय-स्क्वेअर-टी याच्या साडेचारपट, म्हणजे ०.६८च्या वर हवा. 'एफ' छापाचा जलद फ्यूज इथे कमी पडू शकतो, 'टी' म्हणजे उशिराने तुटणारा घ्या.

बॅटरी शॉर्ट झाली तर काहीशे अँपिअर देते. साध्या काचेच्या फ्यूजची तोडण्याची क्षमता ३५ अँपिअर किंवा रेटिंगच्या दहापट, यांतली मोठी, आणि तीही २५० व्होल्ट एसीवर. डीसीत करंट एसीसारखा मधूनमधून शून्यावर येत नाही, ठिणगी टिकते. म्हणून बॅटरीच्या पॉझिटिव्ह टर्मिनललगत गाडीतला ब्लेड फ्यूज लावा (३२ व्होल्ट डीसी, साधारण १००० अँपिअर क्षमता), वायरला सोसेल तेवढ्याचा. बोर्डावरचा १ अँपिअरचा फ्यूज कनेक्टरलगत, आणि टीव्हीएस डायोड (अचानक चढलेलं व्होल्टेज दाबणारा) फ्यूजनंतर, बोर्डाच्या बाजूला.

पॉलीफ्यूज (तापला की करंट अडवणारा, थंड झाला की पुन्हा चालणारा) मोहात पाडतो. १.१ अँपिअर होल्डचा (न अडवता सलग सोसायचा करंट) ६० अंशांना जेमतेम ०.७ धरतो आणि एकदा ट्रिप झाला की रोध पूर्वीइतका खाली येत नाही. यूएसबीला ठीक, या पेटीत नको.

बॅटरीऐवजी १ अँपिअरचा अ‍ॅडॉप्टर असेल, तर तो शॉर्टमध्ये स्वतःच करंट दाबतो. फ्यूज उडतच नाही. बक कन्व्हर्टरच्या (व्होल्टेज कमी करणाऱ्या सर्किटच्या) आउटपुटला शॉर्ट झाला तरी तेच.

फ्यूज पुन्हा उडाला म्हणून ५ अँपिअरचा किंवा तांब्याची तार टाकू नका. काच काळी पडली असेल तर शॉर्ट शोधा. तार मधोमध नुसती तुटली असेल तर लोड आणि तापमान मोजा.