ईमॅक्समध्ये कंसातले कंस कसे उलगडावेत

ईमॅक्स या एडिटरमध्ये कर्सर कितव्या कंसात आहे हे ईलिस्पमधून (ईमॅक्सच्या स्वतःच्या भाषेतून) काढायचं म्हटलं, की कोणीतरी हमखास रेगेक्स, म्हणजे मजकूर शोधायचा नमुना, सुचवतो. ऐकू नका. ईमॅक्सच्या रेगेक्सला खोली, म्हणजे एकात एक किती कंस उघडे आहेत हे, मोजता येत नाही. एकेक अक्षर वाचून अधिक-उणे करणारा लूप लिहाल, तर स्ट्रिंगमधला पहिलाच कंस त्याला तोंडघशी पाडेल.

हे काम सिंटॅक्स-पीपीएसएस (syntax-ppss) या फंक्शनचं. समजा, बफरमध्ये (ईमॅक्सने उघडलेल्या मजकुरात) एवढंच आहे:

(बेरीज (गुणाकार अ ब) क)

कर्सर 'अ'वर ठेवून ते चालवा. एक यादी मिळते. घरांची मोजणी शून्यापासून, मजकुरातल्या जागांची एकपासून: घर ० मध्ये खोली, म्हणजे २. घर १ मध्ये सर्वांत आतल्या उघड्या कंसाची जागा, ८. ('बे' आणि 'री' आपल्याला एकेक अक्षर, ईमॅक्सला दोन-दोन, म्हणून ८.) घर ९ मध्ये सगळे उघडे कंस, बाहेरून आत: १ आणि ८. घर ३ किंवा ४ मध्ये निल (ईलिस्पमधलं 'काही नाही') सोडून काही आलं, तर तुम्ही स्ट्रिंगमध्ये किंवा कॉमेंटमध्ये आहात.

प्रत्येक कंसाशेजारचं नाव वाचलं की झालं.

आता मी जिथे दोन संध्याकाळी घालवल्या ती जागा. फाइलमध्ये उत्तर बरोबर येई. तोच मजकूर तात्पुरत्या बफरमध्ये टाकला की खोली एकाने कमी. शेवटी गुन्हेगार सापडला, एका ओळीतली कॉमेंट: '; इथे जपून :)'. हसऱ्या चेहऱ्याचा कंस! तात्पुरता बफर फंडामेंटल मोडमध्ये उघडतो आणि तिथल्या सिंटॅक्स टेबलात (कोणतं चिन्ह काय काम करतं याच्या तक्त्यात) अर्धविराम हे नुसतं विरामचिन्ह असतं, कॉमेंटची सुरुवात नव्हे. त्यामुळे तो कंस खरा धरला गेला. मजकूर टाकण्याआधी ईमॅक्स-लिस्प-मोड (emacs-lisp-mode) चालवा. दरवेळी. माझा मजकूर साधा आहे, मला गरज नाही, असं म्हणू नका. मीही तेच म्हणत होतो.

दुसरा चटका: या फंक्शनला जागा दिलीत, तर ते कर्सर तिथेच नेऊन सोडतं. लूपमध्ये वापरताना भोवती सेव्ह-एक्सकर्शन (save-excursion, कर्सर जागेवर परत आणणारं) घाला, नाहीतर लूप भलतीकडेच भरकटेल.

ईलिस्प कोडमध्ये कंस नुसतं अक्षर म्हणून लिहायचा असेल तर प्रश्नचिन्हानंतर उलटी तिरपी रेघ देऊनच लिहा, ?\( असा. रेघेशिवायही तो चालतो, पण कंसांची मोजणी बिघडते.

जावास्क्रिप्टसारख्या भाषांना मात्र नुसते कंस मोजून भागत नाही. तिथे कोडची रचना ओळखणारा, ईमॅक्स २९ पासून आलेला ट्री-सिटर वापरा.